चंद्रावर जाऊन आलेला शिपाईगडी: खरा सिरानो आणि रोस्ताँचा सिरानो

शुक्रचांदणी (धागाकर्ती)

सिरानो द बेर्जराक हे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांच्यापुढे बहुधा एक भलेमोठे नाक, एक तलवार आणि सज्जाखालच्या अंधारात उभा राहून दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणारा एक प्रेमिक उभा राहतो. हे चित्र आपल्याला एदमाँ रोस्ताँच्या पाच अंकी पद्यनाटकाने दिले. २८ डिसेंबर १८९७ रोजी पॅरिसच्या पोर्त-सँ-मार्ताँ थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी रोस्ताँ २९ वर्षांचा होता आणि सिरानोच्या भूमिकेत कोकलँ हा त्या काळातला फार मोठा नट होता. मी हे नाटक महाविद्यालयात असताना इंग्रजीतून वाचले, त्याच्यावर जीव जडला आणि त्यापुढची कितीतरी वर्षे सिरानो हे एक काल्पनिक पात्र आहे असेच मी समजत होते. यंदाच्या पावसाळ्यात खऱ्या सिरानोची चंद्रयात्रा, म्हणजे त्याने लिहिलेले चंद्रप्रवासाचे काल्पनिक पुस्तक, वाचायला मिळाली आणि गेले दोन महिने माझ्या मनात दुसरे काही नाही. म्हणून हा धागा.

खरा सिरानो पॅरिसमध्ये जन्मला. ६ मार्च १६१९ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि साव्हिनियाँ हे आजोबांचेच नाव त्याला मिळाले. हे आजोबा पॅरिसमधले मासळीचे व्यापारी होते. त्यांनी १५८२ मध्ये पॅरिसजवळच्या शव्रझच्या खोऱ्यात मोव्हिएर आणि बेर्जराक या दोन जमिनी विकत घेतल्या, आणि नातवाच्या नावापुढचे 'द बेर्जराक' आले ते तिथून. नाटकातला सिरानो गास्कनीचा, म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या मुलखाचा, रांगडा वीर आहे. खरा मात्र शुद्ध पॅरिसकर होता, आणि ती जमीनही त्याच्या वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, १६३६ मध्ये, वडिलांनी विकून टाकली होती. नाव उरले, वतन गेले.

पुढे तो आपला बालमित्र आंरी ल ब्रे याच्याबरोबर कार्बों द कास्तेलझालू याच्या तुकडीत भरती झाला. या तुकडीत गास्कनीच्या पोरांचा भरणा होता आणि त्यांच्यात तलवारबाजीवर नाव काढणे सोपे नव्हते. सिरानोने ते काढले. १६३९ मध्ये मूझों येथे बंदुकीची गोळी त्याच्या शरीरातून आरपार गेली आणि १६४० मध्ये आरासच्या वेढ्यात गळ्यावर तलवारीचा वार बसला. त्यानंतर लवकरच, बाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्याने शिपाईगिरी सोडली. पॅरिसच्या पोर्त द नेल या वेशीपाशी एका मित्राला वाचवण्यासाठी तो एकटा शंभर जणांवर चालून गेला, त्यातले दोघे ठार आणि सात जबर जखमी झाले, ही हकिगतही ल ब्रेनेच लिहून ठेवली आहे. शंभर हा आकडा मैत्रीखातर थोडा फुगला असेल. पण गळ्यावर आणि छातीवर व्रण घेऊन परतलेल्या या तरुणाने पुढच्या चौदा वर्षांत जे लिहिले, ते त्या मारामारीहून किती तरी धाडसाचे होते, असे माझे मत आहे.

त्याची चंद्रयात्रा अशी सुरू होते. नायक अंगाभोवती दवाने भरलेल्या बाटल्या बांधतो. ऊन दवाला वर ओढते, म्हणून दवाबरोबर तोही वर जातो. फार वेगाने वर जातो आहे असे वाटून तो काही बाटल्या फोडतो आणि खाली उतरतो, तर आपण फ्रान्समध्ये नसून कॅनडात, म्हणजे त्या वेळच्या 'नव्या फ्रान्स'मध्ये पोहोचलो आहोत असे त्याला कळते. तो वर असताना पृथ्वी खालून फिरली होती! पृथ्वी फिरते हे सांगण्याची याहून सुंदर रीत मी वाचलेली नाही. पुढे तिथल्या राज्यपालाशी बोलताना तो म्हणतो की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानणे म्हणजे भाजलेला चंडोल पाहून तो भाजण्यासाठी चूलच त्याच्याभोवती फिरवली असेल असे मानण्यासारखे आहे. गॅलिलिओवरचा खटला १६३३ चा. त्यानंतर वीस वर्षेही झालेली नाहीत आणि हा गडी स्वयंपाकघरातला दाखला देऊन तो वाद मिटवतो आहे.

चंद्रावर माणसे चार पायांवर चालतात, त्यामुळे दोन पायांवरचा हा पाहुणा त्यांना जनावर वाटतो. जेवण वासाने होते. पैशाऐवजी कविता चालतात: टांकसाळीत कवितेची पारख होते, तिचे मोल ठरते आणि त्या मोलाने माणूस खानावळीत जेवतो. एका ठिकाणी त्याला एक डबी मिळते. उघडून पाहतो तर आत घड्याळासारख्या कमानी आणि बारीक यंत्रे आहेत. ते पुस्तक असते. त्याला पाने नाहीत, अक्षरे नाहीत. किल्ली द्यायची, काटा हव्या त्या प्रकरणावर आणायचा आणि माणसाच्या आवाजात ते ऐकायचे. सतराव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेला हा उतारा मी रात्री दिवा मालवून, कानात बोलते पुस्तक लावून ऐकत होते आणि अंगावर शहारा आला, हे मला कबूल केले पाहिजे.

शेवटी चंद्रावरच्या धर्मपीठापुढे त्याच्यावर खटला चालतो, कारण तिथले लोक जिला आपला चंद्र मानतात ती पृथ्वी हेच खरे जग आहे असे तो म्हणाला होता. शिक्षा म्हणून त्याला चौकाचौकात उभे राहून जाहीर करावे लागते की हा चंद्र चंद्र नसून जग आहे आणि ते वरचे जग जग नसून चंद्र आहे. ज्याने गॅलिलिओची कहाणी ऐकली आहे, त्याला हे कुठून आले ते सांगायला नको.

हे पुस्तक त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १६५४ मध्ये एक लाकूड त्याच्या डोक्यावर पडले. त्यानंतर तो सावरला नाही आणि २८ जुलै १६५५ रोजी पॅरिसजवळच्या सानवा गावी, चुलतभावाच्या घरी, छत्तिसाव्या वर्षी वारला. १६५७ मध्ये ल ब्रेने ते छापले, पण धर्माविरुद्धची धारदार वाक्ये गाळून किंवा बोथट करून. हस्तलिखितांवरून संपूर्ण पाठ छापला गेला तो थेट विसाव्या शतकात, म्हणजे रोस्ताँचे नाटक जगभर गाजून गेल्यावर.

मला जे खुपते ते हे. ज्याच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेले शब्द जगभर पाठ आहेत, त्याचे स्वतःचे शब्द कोणी वाचत नाही. नाटकाने त्याला वाचवले की झाकले, याबद्दल जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

तूलूझकर

लेख अतिशय आवडला. मी नोकरीनिमित्त फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, तूलूझ येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी दोर्दोन्य नदीकाठच्या बेर्जराक गावी गेलो होतो. जुन्या वस्तीत लाकडी चौकटींची घरे आहेत, त्यांच्यामधल्या एका चौकात सिरानोचा दगडी पुतळा आहे आणि थोड्याच अंतरावर दुसरा रंगवलेला पुतळा आहे, झगा पाठीवर टाकून आकाशाकडे पाहणारा. दुकानांच्या पाट्यांवर, दारूच्या बाटल्यांवर सगळीकडे ते नाक. त्या गावाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे मला तिथून परत आल्यावर कळले आणि तेव्हा मला थोडी फसगत झाल्यासारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही. गावाने ज्याला आपले म्हटले तो नाटकातला सिरानो आहे, आणि नाटकातला सिरानो खरोखरच त्या मुलखाचा आहे.

आपण गॅलिलिओचा उल्लेख केलात, त्याला एक जोड द्यावीशी वाटते. ज्या साली सिरानो जन्मला त्याच साली, १६१९ च्या फेब्रुवारीत, आमच्या तूलूझमध्ये लुचिलियो व्हानिनी या इटालियन विचारवंताला नास्तिकतेच्या आरोपावरून जीभ कापून मारले आणि जाळले. तो सालँ चौक माझ्या कचेरीच्या वाटेवर आहे. पुढे १६६२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोद ल पती या तरुण कवीला त्याच्या लिखाणापायी जाळण्यात आले. म्हणजे ल ब्रेने मित्राची वाक्ये गाळली ती या दोन चितांच्या मधल्या काळात. पुस्तक छापायला राजाचा परवाना लागत असे. गाळले नसते तर पुस्तक छापलेच गेले नसते, आणि छापणाराही सुटला नसता. म्हणून ल ब्रेला दोष देताना माझा हात अडखळतो.

शुक्रचांदणी

आपण म्हणता ते मान्य आहे. ल ब्रेला दोष देण्याचा माझा हेतू नव्हता. त्याच्या प्रस्तावनेवाचून सिरानोच्या आयुष्यातले निम्मे आपल्याला कळलेच नसते. व्हानिनीचे साल माझ्या ध्यानात आले नव्हते, त्याबद्दल मनापासून आभार.

रंगपीठ

नाटकाने सिरानोला झाकले हा आरोप मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे नाटकातूनच दाखवता येईल.

तिसरा अंक आठवा. आत रोक्सान, म्हणजे सिरानो जिच्यावर मनोमन प्रेम करतो ती, आणि क्रिस्तियाँ, म्हणजे ज्याच्या तोंडी तो आपले शब्द घालतो तो, यांचे लग्न लागते आहे आणि बाहेर सिरानोला रोक्सानच्या मागे लागलेल्या काँत द गीश या सरदाराला काही वेळ अडवून धरायचे आहे. तो झाडावरून खाली पडतो आणि आपण चंद्रावरून पडलो असे सांगतो. मग चंद्रावर जाण्याचे एकेक उपाय ऐकवतो: दवाच्या बाटल्या, धुराने भरलेला गोल, लोखंडी पत्र्यावर बसून लोहचुंबक वर फेकत राहणे, अंगाला बैलाची मज्जा चोळणे. हे उपाय रोस्ताँने पदरचे घातलेले नाहीत. बहुतेक सगळे खऱ्या सिरानोच्या पुस्तकातले आहेत. दवाच्या बाटल्या आपणच वर सांगितल्या आहेत, आणि चंद्र ओढून घेतो ती मज्जासुद्धा त्याच पुस्तकात आहे. रोस्ताँने पुस्तक नीट वाचले होते आणि पुस्तकातला सर्वांत मौजेचा भाग त्याने नाटकाच्या मध्यभागी, लेखकाच्याच तोंडी ठेवला. १८९७ च्या प्रेक्षकाला त्याने सांगितले की हा माणूस असे लिहीत असे.

दुसरे उदाहरण पाचव्या अंकातले. सिरानोचे एक विनोदी नाटक होते, 'ल पेदाँ झुए'. त्यातला हास्यास्पद शिक्षक त्याने आपल्याच बोवे कॉलेजच्या प्राचार्यांवरून, ग्रांजे यांच्यावरून, बेतला होता आणि नावातही जेमतेम एका अक्षराचा फरक ठेवला होता. त्यात एक नोकर म्हाताऱ्या बापाला खोटेच सांगतो की मुलाला तुर्कांनी गलबतावर पकडून नेले आहे आणि खंडणी हवी आहे; आणि कंजूष बाप 'तो त्या गलबतावर कशाला कडमडायला गेला' एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६७१ मध्ये आपल्या 'ले फुर्बरी द स्कापँ' या नाटकात हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि ते वाक्य आजही फ्रेंचमध्ये म्हणीसारखे वापरले जाते, मोलिएरच्या नावाने. रोस्ताँने मरणाच्या दारात असलेल्या सिरानोपुढे जुन्या मित्राला, रागनोला, आणून या चोरीची बातमी सांगायला लावली आहे. नाटकात साल १६५५ आहे, म्हणजे रोस्ताँने सोळा वर्षांचा फरक जाणूनबुजून पुसला. त्यावर सिरानो विचारतो, प्रसंग रंगला का? लोक हसले का? आणि मग आपले आयुष्यच तसे गेले असे म्हणतो.

ज्या नाटककाराला सिरानोचे लेखन कोणी नेले हे इतके ठाऊक होते आणि ज्याने ते भर रंगमंचावर सांगितले, त्याने सिरानोला झाकले असे कसे म्हणावे? त्याने तर एका चोरीची तक्रार सव्वादोनशे वर्षांनी नोंदवली. याच नाटकावर पुढे शिकागोतल्या एका धनाढ्य गृहस्थाने चोरीचा दावा लावला आणि १९०२ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो मान्य केला. पण त्या निकालाचे ओझे आज या नाटकावर राहिलेले नाही.

वाचनवेडा

दोन्ही बाजू वाचतो आहे. मी नाटक वाचलेले नाही, १९९० चा झेरार दपार्द्यू यांचा चित्रपट मात्र तीन वेळा पाहिला आहे. माझे दोन साधे प्रश्न आहेत. खऱ्या सिरानोचे नाक खरोखर तेवढे मोठे होते का? आणि रोक्सान नावाची कोणी होती का?

शुक्रचांदणी

नाकाबद्दल सांगते. त्याचे जे कोरीव चित्र उपलब्ध आहे त्यात नाक लांब आहे, मधे थोडे उंचावलेले आहे. पण पाहणाऱ्याने थबकावे असे काही नाही. नाक वाढले ते एकोणिसाव्या शतकात. तेओफिल गोतिए याने १८४४ मध्ये जुन्या, विसरल्या गेलेल्या लेखकांवर जे पुस्तक काढले, त्यात सिरानोवरच्या लेखाचा मोठा भाग नाकावर खर्च केला आणि तिथून रोस्ताँला धागा मिळाला. मात्र गोतिएलाही तो सिरानोनेच पुरवला होता. चंद्रावर कोणाला वेळ विचारली की माणसे तोंड उघडून दात दाखवतात, कारण त्यांचे लांब नाक हा सूर्यघड्याळाचा काटा असतो आणि त्याची सावली दातांवर पडते. मोठे नाक हे बुद्धीचे, उदारपणाचे आणि कुलीनपणाचे लक्षण आहे, असेही तिथे म्हटले आहे. नाटकातला सिरानो नाकाची लाज मनात दडवतो. पुस्तकातला सिरानो नाकाचे घड्याळ करतो. या दोन माणसांत मला फार अंतर दिसते.

रोक्सानबद्दल: सिरानोची एक आतेबहीण-मामेबहिणीच्या नात्यातली नातलग होती, मादलेन रोबिनो. तिचा नवरा बॅरन द नव्हिलेत हा १६४० मध्ये आरासच्या वेढ्यात पडला आणि त्यानंतर तिने उरलेले आयुष्य धर्मकार्यात आणि दानधर्मात घालवले. नाटकातल्या क्रिस्तियाँचे आडनाव नव्हिलेत आहे ते यामुळे. मात्र सिरानोचे तिच्यावर प्रेम होते आणि तो दुसऱ्याच्या नावाने तिला पत्रे लिहीत होता, हे सर्व रोस्ताँचे. नाटकात रोक्सान शेवटी ज्या मठात राहते तो मठही निराधार नाही. सिरानोची सख्खी बहीण कातरीन तशाच एका मठात जोगीण होती. मोंफ्लरी हा जाडजूड नट, कार्बों, ल ब्रे, पेस्ट्रीवाला रागनो, सगळे खरे होते. रोस्ताँने माणसे खरी घेतली आणि त्यांच्यामधली नाती स्वतः विणली.

मात्रावृत्त

या चर्चेत नाटक 'पद्यनाटक' आहे याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. मी फ्रेंच थोडे शिकलो आहे आणि छंदशास्त्र हा माझ्या आवडीचा विषय आहे.

नाटकाचा मुख्य छंद अलेक्झांद्रँ. ओळीत बारा अक्षरे, सहाव्या अक्षरानंतर यती (विराम), आणि दोन-दोन ओळींचे यमक. बारा अक्षरे म्हटल्यावर आपल्याला भुजंगप्रयात आठवेल, पण तिथे प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले असते. फ्रेंचमध्ये तसे काही नाही, फक्त अक्षरे मोजायची. त्या अर्थाने तो आपल्या अभंगाच्या जवळचा आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा आणि चार अशी चरणांची अक्षरे असतात. लघुगुरूचा जाच नाही, म्हणून बोलीतले वाक्य त्यात जसेच्या तसे बसते. अलेक्झांद्रँचेही तेच आहे. तो रंगमंचावर इतकी शतके टिकला तो त्यात माणसाला बोलता येते म्हणून.

नाकावरचे प्रसिद्ध भाषण पाहा. एक सरदार सिरानोला डिवचण्यासाठी 'तुमचे नाक... फार मोठे आहे' एवढेच कसेबसे म्हणतो. सिरानो त्याला सांगतो की हे फारच त्रोटक झाले, आणि तीच गोष्ट किती तऱ्हांनी म्हणता आली असती ते म्हणून दाखवतो. त्यात वर्णनपर तऱ्हा अशी आहे: हा खडक आहे, हे शिखर आहे, हे भूशिर आहे, भूशिर कसले, हे तर द्वीपकल्प आहे! मूळ फ्रेंचमध्ये पहिल्या ओळीत तीन-तीन अक्षरांचे चार तुकडे आहेत, धापा टाकत चढ चढावा तसे. लगेच पुढच्या ओळीत सहा अक्षरांत तो स्वतःलाच प्रश्न विचारतो आणि उरलेल्या सहांत द्वीपकल्प पसरून ठेवतो. मी ही दोन चरणे पाटीवर लिहून बोटांनी अक्षरे मोजली होती. एकही अक्षर इकडचे तिकडे नाही आणि तरी कोणी मोजून बोलते आहे असे वाटत नाही.

त्यानंतरच्या द्वंद्वात सिरानो तलवार चालवता चालवता 'बालाद' रचतो: आठ-आठ ओळींची तीन कडवी आणि शेवटी चार ओळींचे समर्पण. समर्पणाच्या शेवटी मी वार करीन, असे तो आधीच बजावतो आणि बरोबर त्या शब्दाला करतो. इथे छंद हाच नाट्यप्रसंगाचा काळ मोजतो. हे गद्य भाषांतरात उरतच नाही. इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी ब्रायन हूकर यांचे १९२३ चे पद्य भाषांतर वाचावे. वाचनवेडा यांनी पाहिलेल्या चित्रपटाची इंग्रजी उपशीर्षकेही अँथनी बर्जेस यांच्या पद्य भाषांतरावरून घेतलेली आहेत.

गारवा

मी इतिहासाची शिक्षिका आहे, त्यामुळे १८९७ या सालाकडे पाहते. फ्रान्सला १८७० च्या युद्धातला जर्मनांकडून झालेला पराभव विसरता आलेला नव्हता, आणि ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून झालेल्या शिक्षेच्या प्रकरणावरून देश उभा चिरला गेला होता. नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर सोळाच दिवसांनी, १३ जानेवारी १८९८ रोजी, ड्रायफसच्या बाजूने लिहिलेले कादंबरीकार एमिल झोलाचे 'मी आरोप करतो' हे पत्र वृत्तपत्रात छापून आले. अशा वेळी हरूनही मान न झुकवणारा, सत्तेपुढे हात न पसरणारा एक फ्रेंच शिपाई रंगमंचावर आला आणि घराघरांत भांडणाऱ्या लोकांनी त्याला एकमताने डोक्यावर घेतले. रोस्ताँला 'लेजियाँ द ऑनर' हा फ्रान्सचा मानाचा किताब मिळाला आणि १९०१ मध्ये, ३३ व्या वर्षी, तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. नाटकाचा शेवटचा शब्द 'पनाश', म्हणजे शिरस्त्राणावरचा तुरा. आमच्याकडे 'मराठी बाणा' म्हणताना जी भावना असते, तिच्याच जवळपासची त्यात आहे.

पण मला शुक्रचांदणी यांची बाजू घ्यावीशी वाटते, ती याच तुऱ्यामुळे. नाटकातला चौथा अंक आरासच्या छावणीत घडतो. वेढा घालणारे फ्रेंच सैन्य स्वतःच स्पॅनिश फौजेच्या वेढ्यात सापडते, उपाशी मरू लागते, आणि सिरानो पावा वाजवायला लावून पोरांना गावाकडची आठवण करून देतो. प्रसंग फार हृद्य आहे. तरीही त्यातले युद्ध सुंदर आहे. ज्याच्या गळ्यावर आरासमध्ये खरोखर वार बसला, त्याने युद्धाबद्दल काय लिहिले? चंद्रावर दोन्ही बाजूंचे सैन्य पंचांकडून मोजून समसमान केले जाते: लंगड्यांपुढे लंगडे, धिप्पाडांपुढे धिप्पाड, आणि तरीही खरा निकाल पंडितांच्या वादाने लागतो. त्याहून पुढचा एक उतारा आहे. चंद्रावरचे कुलीन लोक कमरेला तलवारीऐवजी पुरुषाच्या जननेंद्रियाची प्रतिमा लटकवतात. पाहुण्याला नवल वाटते, तेव्हा यजमान म्हणतो की ज्या देशात जन्म देणाऱ्या गोष्टीची चिन्हे लाजिरवाणी आणि जीव घेणाऱ्या गोष्टीची चिन्हे मानाची, तो देश किती अभागी असेल. मी हा उतारा वर्गात सांगू शकत नाही, पण शिपाईगिरीबद्दल एका शिपायाने लिहिलेले याहून खरे मला सापडलेले नाही. हा सिरानो त्या तुऱ्याखाली दिसेनासा झाला आहे, हे रंगपीठ यांनी मान्य करावे.

रंगपीठ

गारवाताई, हा मुद्दा मान्य. चौथ्या अंकाबद्दल मी कधी असा विचार केला नव्हता. त्या अंकातल्या उपासमारीला इतिहासाचा आधार आहे, म्हणून मी त्याला खरा समजत आलो. पण उपासमार खरी असली तरी तिच्याकडे पाहणारे डोळे रोस्ताँचे आहेत, हे आता लक्षात येते. खऱ्या सिरानोच्या शोकांतिकेबद्दल, 'ला मोर द आग्रिपीन'बद्दल, एक आख्यायिका आहे ती इथे शोभेल. एका पात्राने बळीवर घाव घालण्याचे वाक्य म्हटले. बळी या अर्थी जुना शब्द 'ओस्ती' होता आणि त्याचाच रूढ अर्थ चर्चमधला पवित्र प्रसाद. प्रेक्षकांनी तेवढ्यावरून पाखंड पाखंड म्हणून ओरडा केला. वास्तविक त्याच नाटकात माणसाने देव घडवले, देवांनी माणसाला नाही, असे उघड म्हणणाऱ्या ओळी आहेत, त्या मात्र त्यांच्या कानांवरून गेल्या.

विंगेतला

मी एरवी इथे फक्त वाचतो. पुण्यातल्या एका हौशी संस्थेत अकरा वर्षे प्रॉम्प्टिंग केले, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

रंगपीठ यांनी पाचव्या अंकातले ते वाक्य पूर्ण दिले नाही. रागनोने चोरीची बातमी सांगितल्यावर सिरानो म्हणतो की माझे आयुष्य म्हणजे मागून शब्द पुरवणाऱ्याचे आणि विसरल्या जाणाऱ्याचे आयुष्य. मूळ फ्रेंचमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते फुंकर घालणे आणि प्रॉम्प्ट करणे या दोन्ही अर्थांनी वापरतात, असे आमच्या गटातल्या फ्रेंच शिकलेल्या मुलीने मला सांगितले. तेव्हा मी ते पान बराच वेळ उघडे ठेवून बसलो होतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगात मी विंगेत स्टुलावर बसायचो, मांडीवर संहिता, आणि टॉर्चचा उजेड मंचावर जाऊ नये म्हणून काचेवर डाव्या हाताची दोन बोटे. प्रयोग संपला की त्या बोटांना चटका बसलेला असायचा.

प्रॉम्प्टिंगमध्ये सर्वांत अवघड असतो तो आपण शब्द दिल्यापासून नटाने तो उचलेपर्यंतचा थांबा. प्रेक्षागृहात तो सर्वांना ऐकू जातो. सज्जाखालच्या प्रसंगात रोस्ताँने तो थांबा लपवलेला नाही. सिरानो अंधारातून शब्द देतो, क्रिस्तियाँ ते अडखळत म्हणतो आणि वर उभ्या असलेल्या रोक्सानला ते जाणवते. ती विचारते, आज तुमचे शब्द असे थांबत थांबत का येतात? तेव्हा सिरानो क्रिस्तियाँला बाजूला ओढतो, त्याच्या जागी स्वतः उभा राहतो आणि हलक्या आवाजात उत्तर देतो: रात्र आहे ना, या काळोखात ते चाचपडत तुमचा कान शोधत आहेत.